बिअर व स्टाउट : चव, पाणी आणि औरंगाबाद

मोड आणून वाळविलेल्या सातूच्या (जवाच्या) अर्कात हॉप या वेलीची फुले उकळून व तो अर्क यीस्टच्या साहाय्याने आंबवून तयार होणाऱ्या सौम्य मद्यास बिअर म्हणतात. मोड आणलेल्या सातूस माल्ट ही संज्ञा आहे. माल्टचा काही भाग कॉफीच्या बियांप्रमाणे काळा होईपर्यंत भाजून वापरला, म्हणजे जी गडद, किंचित करपट व कडवट बिअर मिळते, ती स्टाउट होय. दोन्हींत ९० टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो. बिअरच्या चवीची चर्चा माल्ट, हॉप व यीस्ट यांच्याभोवतीच बहुधा फिरते. तथापि या पेयाचे जगातील प्रसिद्ध प्रकार ज्या ज्या गावी उदयास आले, त्या त्या गावच्या पाण्याने त्यांचे स्वरूप मोठ्या प्रमाणात ठरविले. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराजवळील वाळूज व परिसरातील औद्योगिक क्षेत्रे हे महाराष्ट्रातील बिअर-निर्मितीचे प्रमुख केंद्र आहे. तेथे मात्र पाण्याचा प्रश्न चवीचा न राहता वाटपाचा झाला. अवर्षणग्रस्त प्रदेशात बिअरचे कारखाने का उभे राहिले, त्यांतून कोणत्या चवीचे पेय बाहेर पडले आणि त्यांच्या पाण्याचा वाद न्यायालयापर्यंत कसा गेला, हा या उद्योगाच्या इतिहासाचा गाभा आहे.

स्टाउटचा उगम अठराव्या शतकातील लंडनमध्ये सापडतो. ओझी वाहणाऱ्या हमालांत लोकप्रिय असलेल्या तपकिरी बिअरला त्यांच्याच व्यवसायावरून पोर्टर हे नाव पडले. तिचा अधिक कडक प्रकार तो ‘स्टाउट पोर्टर’. पुढे त्यातील दुसरा शब्द गळून पडला. आर्थर गिनेस याने १७५९ मध्ये डब्लिन येथील जागा ९,००० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली आणि पुढे त्याचा कारखाना पोर्टरसाठी व नंतर स्टाउटसाठी विख्यात झाला. आरंभीची पोर्टर काळी नव्हती. ती लाकडाच्या आगीवर वाळविलेल्या तपकिरी माल्टपासून बनत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस द्रवघनतामापकाचा वापर सुरू झाला, तेव्हा स्वस्त समजल्या जाणाऱ्या तपकिरी माल्टपेक्षा फिकट माल्टमधून कितीतरी अधिक अर्क उतरतो, हे कारखानदारांच्या ध्यानात आले. फिकट माल्ट वापरणे किफायतीचे ठरले. परंतु गिऱ्हाइकास रंग हवा होता. १८१७ मध्ये डॅन्येल व्हीलर याने माल्ट न जळता काळे भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे एकस्व (पेटंट) मिळविले व ही अडचण दूर झाली. फिकट माल्टमध्ये थोडेसे काळे माल्ट मिसळण्याची आजची रीत तेव्हापासूनची आहे. स्टाउटचा काळा रंग ही जुन्या परंपरेची खूण मानली जाते. वस्तुतः तो हिशेबाच्या वहीतून आला, असे म्हणावे लागते.

पाण्याचा प्रभाव पुढील तीन गावांच्या तुलनेवरून स्पष्ट होतो. इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट येथील विहिरींचे पाणी जिप्सममुळे कठीण असून त्यातील सल्फेटांनी हॉपचा कडवटपणा कोरडा व धारदार होतो. तेथील फिकट एल भारतात पाठविली जात असे. डब्लिनच्या पाण्यात कार्बोनेटे अधिक असल्याने ते अल्कधर्मी (आम्लविरोधी गुणाचे) आहे. अशा पाण्यात केवळ फिकट माल्ट वापरल्यास पिष्टाची साखर करणारी एंझाइमे नीट काम करीत नाहीत व चव तुरट होते. भाजलेले माल्ट आम्लधर्मी असते. ते मिसळले की पाण्याचा दोष भरून निघतो. डब्लिनला स्टाउट साधली, ती या कारणाने. याच्या उलट बोहीमियातील पिल्सेन येथील पाणी जवळजवळ क्षारविरहित असल्याने तेथे १८४२ मध्ये योझेफ ग्रोल याने सोनेरी रंगाची, स्वच्छ चवीची लागर बिअर तयार केली. आज जगात खपणारी बहुतेक बिअर तिचीच वंशज होय. रसायनशास्त्राला ही कारणे उमगण्यापूर्वीच त्या त्या गावच्या कारागिरांनी आपल्या पाण्याला मानवणारी बिअर अनुभवाने शोधून काढली होती.

या दृष्टीने पाहता मराठवाड्याची स्थिती कुतूहलजनक आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील भूजल सामान्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या बायकार्बोनेटांनी युक्त असते. म्हणजे प्रकृतीने ते पिल्सेनपेक्षा डब्लिनच्या जवळचे आहे. गावच्या विहिरीवर बिअर करण्याची परंपरा येथे असती, तर ती कदाचित काळ्या बिअरची असती. प्रत्यक्षात येथील कारखाने गोदावरीवरील जलाशयाचे पाणी घेतात, त्यातील क्षार काढून ते हवे तसे घडवितात आणि त्यापासून मुख्यतः फिकट लागर तयार करतात. जलशुद्धीकरणाच्या आधुनिक साधनांनी बिअर व गाव यांचा जुना संबंध तोडला. उरला तो केवळ पाण्याच्या परिमाणाचा संबंध.

दोन बिअरांची तुलना करणे हे दिसते तितके सोपे नाही. रंग, फेस, वास, चव, तोंडात जाणवणारा दाटपणा आणि घोट गिळल्यावर मागे राहणारी चव, या क्रमाने परीक्षण केले जाते. रंग मोजण्यासाठी जोझेफ लॉव्हिबाँड या इंग्रज बिअर-कारखानदाराने १८८५ च्या सुमारास रंगीत काचांचे उपकरण सिद्ध केले. वास व चव यांना असे माप नसल्याने माणसाच्या जिभेवरच भिस्त ठेवावी लागते आणि जीभ सहज फसते. बाटलीवरील नाव दिसले की मत बदलते. काळ्या रंगाची बिअर डोळ्यांना आधीच ‘कडक’ वाटते. वास्तविक अनेक स्टाउटांत मद्यार्काचे प्रमाण भारतीय ‘स्ट्राँग’ बिअरच्या निम्म्याइतकेच असते. या फसगतीवर उपाय म्हणून कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यात १९४० च्या दशकात त्रिकोण-चाचणी रूढ झाली. परीक्षकापुढे तीन पेले ठेवतात; त्यांपैकी दोहोंत एकच बिअर असते व वेगळा पेला ओळखावयाचा असतो. निव्वळ अंदाजाने उत्तर देणारा तीनदा एकदा बरोबर ठरणारच. म्हणून निष्कर्ष काढताना संख्याशास्त्र आवश्यक ठरते. डब्लिनच्या गिनेस कारखान्यातील विल्यम गॉसेट याने सातू, हॉप इत्यादींच्या थोड्या नमुन्यांवरून अनुमान काढण्याची गरज पडल्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी आज वैद्यकापासून शेतीपर्यंत सर्वत्र वापरली जाते. बिअरच्या कारखान्याने ज्ञानाला दिलेली ही देणगी तिच्या चवीहून अधिक दूरवर पोहोचली आहे.

परीक्षकाला गुणांइतकेच दोषही ओळखता यावे लागतात. डायॲसिटिल या संयुगामुळे बिअरला लोण्यासारखा वास येतो. किण्वन अपुरे राहिल्याचे ते चिन्ह होय. उकडलेल्या मक्याचा वास डायमिथिल सल्फाइडाचा असतो. उन्हात राहिलेल्या हिरव्या वा पांढऱ्या बाटलीतील हॉपच्या घटकांवर प्रकाशाची क्रिया होऊन उग्र दुर्गंधी उत्पन्न होते. तपकिरी काच वापरण्याचे कारण हेच. भारतात सर्वांत अधिक आढळणारा दोष मात्र उष्णतेचा आहे. प्राणवायूशी संयोग झालेल्या शिळ्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते आणि तापमान वाढले की ही क्रिया फार झपाट्याने होते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० °से. च्या वर जातो. अशा दिवसांत गोदामात किंवा मालमोटारीत काही आठवडे काढलेली बाटली कारखान्यातून निघालेल्या बाटलीसारखी राहत नाही. भाजलेल्या माल्टच्या दाट चवीमागे असे दोष स्टाउटमध्ये काहीसे झाकले जातात, फिकट लागरमध्ये ते उघडे पडतात. यावर रूढ उपाय म्हणजे बिअर अतिशय थंड करून पिणे. त्याने दोष जाणवत नाही, पण चवही जाणवत नाही. ४ °से. तापमानाला दोन लागरांमधील फरक जाणकारालाही सांगता येणे कठीण असते. स्टाउटचे परीक्षण तर १० ते १३ °से. ला करणे इष्ट समजतात.

भारतात आंबविलेली पेये प्राचीन आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाची कर्तव्ये सांगताना मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे प्रकार दिले असून त्यांपैकी मेदक हे तांदळापासून होणारे, म्हणजे बिअरच्या जातीचे पेय होते. हॉप घातलेली बिअर मात्र यूरोपीय लोकांबरोबर आली. भारतात येणाऱ्या ‘इंडिया पेल एल’ चा बोलबाला पुष्कळ झाला. परंतु ती प्रामुख्याने अधिकारी व व्यापारी यांचे पेय होते. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या गोऱ्या शिपायांसाठी काळी पोर्टरच मोठ्या प्रमाणावर मागवीत असे, ही गोष्ट बरेचदा विसरली जाते. एकोणिसाव्या शतकात कसौली, मरी यांसारख्या थंड हवेच्या ठिकाणी बिअरचे कारखाने निघाले. यीस्टला, विशेषतः लागरच्या यीस्टला, ८ ते १२ °से. तापमान लागते आणि ते सपाटीवर मिळणे शक्य नव्हते. १८७० च्या दशकात कार्ल फोन लिंडे याने बिअर कारखान्यांसाठी प्रशीतन यंत्र तयार केले. एमिल हान्सेन याने १८८३ मध्ये कार्ल्सबर्ग येथे एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविले. या दोन शोधांनंतर बिअर कोठेही करता येऊ लागली. थंड डोंगर, विशिष्ट विहीर, स्थानिक यीस्ट यांपैकी कशाचीच अट उरली नाही.

औरंगाबादच्या भूमीत बिअरची परंपरा नव्हती. शिंदी, ताडी व मोहाची दारू ही येथील जुनी पेये. शिंदी झाडावरून उतरवल्यापासून काही तासांतच आंबते, तिला साठवण वा वाहतूक सोसत नाही. त्यामुळे तिचा गुत्ता शिंदीच्या झाडांपासून फार दूर जाऊ शकत नसे. शहराच्या इतिहासात पाण्याला मात्र आरंभापासून मध्यवर्ती स्थान आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे वसविलेल्या या नगराला डोंगरातील झऱ्यांचे पाणी भूमिगत नहरींनी पुरविले. नहर-ए-अंबरी व तिच्यानंतरच्या नहरींनी पुढे दोन शतकांहून अधिक काळ वस्तीची तहान भागविली. पाणचक्की ही त्याच परंपरेतील होय. १९४८ पर्यंत निजामी अंमलात असलेला मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होता. त्याची कडक अंमलबजावणी पुढे सैल झाली, तरी कायदा रद्द झाला नाही. मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, ही तरतूद महाराष्ट्रात कायम राहिली. एका हाताने परवाना व दुसऱ्या हाताने महसूल, असे हे धोरण आहे.

या धोरणानेच बिअर कारखान्यांची जागा ठरविली. भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे व त्यावरील उत्पादन शुल्कही राज्यांकडे जाते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिअर नेण्यावर शुल्क बसते. बिअरमध्ये मुख्यतः पाणीच असल्याने ती दूर नेणे तसेही महाग पडते. म्हणून मुंबई व पुण्याच्या मोठ्या बाजारपेठेसाठी कारखाना महाराष्ट्रातच हवा होता. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने औरंगाबाद परिसरात भूखंड, रस्ते व पाणी यांची सोय केली. मागास भागासाठी करसवलती होत्या. आणि पैठण येथे जायकवाडी धरणाचा नाथसागर तयार झाला. या प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली व १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्‌घाटन केले. त्याची एकूण साठवण-क्षमता सु. १०२ अब्ज घनफूट असून उपयुक्त साठा सु. ७६ अब्ज घनफूट आहे. सिंचन हा त्याचा मूळ हेतू. पिण्याचे पाणी व उद्योग यांचा वाटा त्या मानाने लहान ठेवलेला होता.

वाळूज क्षेत्राची भरभराट १९८० च्या दशकात, विशेषतः १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना आल्यावर झाली. बिअर कारखाने त्याच मार्गाने आले. ऑस्ट्रेलियाच्या फॉस्टर्स कंपनीने १९९० च्या दशकात वाळूजला आपला कारखाना चालू केला. २००६ मध्ये तिचा भारतातील व्यवसाय एसएबीमिलर कंपनीने घेतला आणि २०१६ मध्ये ती कंपनीच एबी इनबेव्हमध्ये विलीन झाली. सिंगापूरच्या एशिया पॅसिफिक ब्रुअरीजनेही २००६ मध्ये येथील एक कारखाना घेतला. पुढे तो युनायटेड ब्रुअरीज या बंगळूरच्या समूहाकडे गेला. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्गचाही येथे कारखाना आहे. जगातील बिअर-उद्योगातले अग्रगण्य समूह अशा रीतीने एकाच जलाशयाच्या काठी आले. येथून निघणारी बिअर मुख्यतः लागर असून तिचा मोठा भाग ५ ते ८ टक्के मद्यार्काच्या ‘स्ट्राँग’ प्रकाराचा आहे. भारतातील खपातही याच प्रकाराचे वर्चस्व आहे. ग्राहक बिअरची निवड चवीपेक्षा मद्यार्काच्या हिशेबाने करतो, असा त्याचा अर्थ होतो. सातू महाराष्ट्रात फारसा पिकत नाही. तो मुख्यतः राजस्थान व हरयाणातून येतो. त्याला तांदूळ, मका किंवा साखर यांची जोड देऊन चव सौम्य व खर्च कमी केला जातो. अर्क काढल्यावर उरणारा माल्टचा ओला चोथा दुभत्या जनावरांसाठी विकला जातो. परिसराच्या शेतीशी या उद्योगाचा जुळलेला सर्वांत थेट धागा तोच.

मराठवाड्याचे मुख्य धान्य ज्वारी. तिची बिअर होऊ शकते काय, या प्रश्नाचे उत्तर आफ्रिकेने दिलेले आहे. तेथे ज्वारीची घरगुती बिअर परंपरेने केली जाते. शिवाय नायजीरियाने १९८८ मध्ये सातूच्या माल्टच्या आयातीवर बंदी घातल्यावर तेथील कारखान्यांनी ज्वारी व मका वापरून लागरच नव्हे, तर स्टाउटही तयार केली. उष्ण कटिबंधातील स्टाउट ही एक वेगळी जात मानली जाते : गोड, कडक व बहुधा लागरच्या यीस्टने केलेली. श्रीलंकेची लायन स्टाउट हे तिचे नामांकित उदाहरण होय. महाराष्ट्र शासनाने २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या आसवन्यांना उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा अन्नधान्य दारूसाठी वापरण्यास राज्यात तीव्र विरोध झाला. ज्वारीच्या बिअरची कल्पना या वादाच्या सावलीतून बाहेर येणे अवघड आहे.

वेगवेगळ्या बिअरा शेजारी ठेवून चाखण्याची संधी महाराष्ट्रात प्रथम पुण्याने दिली. तेथे २००९ मध्ये ‘डूलाली’ ही छोट्या प्रमाणावर बिअर करून जागेवरच देणारी संस्था सुरू झाली. पुढे पुण्यात व मुंबईत अशा अनेक निघाल्या. एका वेळी काही शे लिटरांचा घाणा काढीत असल्याने त्यांना गव्हाची बिअर, पेल एल, पोर्टर, स्टाउट असे प्रकार करून पाहता येतात; कोकम, आंबा, कॉफी यांचाही वापर होतो. न गाळलेली व जिवंत यीस्ट असलेली ही बिअर टिकत नाही, म्हणून तिला उन्हातल्या मालमोटारीचा प्रवासही घडत नाही. शिंदीचा गुत्ता ज्या कारणाने झाडाजवळ असे, त्याच कारणाने ही बिअर आपल्या टाकीजवळ राहते. औद्योगिक केंद्र म्हणून औरंगाबादने कोट्यवधी बाटल्या बाहेर धाडल्या. चव-तुलनेची आवड मात्र पिणाऱ्यांच्या शहरांत वाढली.

बिअर करताना प्रत्यक्ष पेयात जाते त्याहून कितीतरी अधिक पाणी लागते. टाक्या व बाटल्या धुणे, वाफ, शीतन यांसह आधुनिक कारखान्यात एक लिटर बिअरमागे सु. तीन ते पाच लिटर पाणी खर्ची पडते. जुन्या कारखान्यांत हे प्रमाण अधिक असे. म्हणजे ६५० मिलि. च्या एका बाटलीमागे दोन ते तीन लिटर. एरव्ही हा आकडा कोणाच्या डोळ्यावर आला नसता. २०१४ व २०१५ या लागोपाठच्या वर्षी पावसाने ओढ दिली आणि जायकवाडीचा उपयुक्त साठा संपुष्टात आला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचविण्याची वेळ आली. खेड्यांत टँकर फिरत असता बिअर कारखान्यांचे नळ चालू आहेत, ही गोष्ट लोकांच्या संतापाचा विषय झाली व जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेली. न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात प्रथम ५० टक्के व १० मेपासून ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला. ही कपात २७ जूनपर्यंत चालू ठेवावयाची होती. इतर उद्योगांची कपात त्या मानाने बरीच कमी होती.

या आदेशाचे मूल्यमापन दोन अंगांनी होते. धरणाच्या हिशेबात बिअर कारखान्यांचा वाटा अत्यल्प आहे. गोदावरी खोऱ्यात पाण्याचा सर्वांत मोठा ग्राहक शेती असून तीतही उसासारखी बारमाही पिके अग्रभागी आहेत. कारखान्यांच्या कपातीने वाचलेले पाणी उसाच्या तुलनेत नगण्यच होते, हा उद्योजकांचा युक्तिवाद आकड्यांनी खोटा ठरत नाही. परंतु तळाला गेलेल्या साठ्यातील टंचाईचे माप वार्षिक सरासरीने घेता येत नाही. ज्या महिन्यात पिण्याच्या पाण्याचा प्रश्न असतो, त्या महिन्यात लहान वाटाही गावांच्या वाट्याशी स्पर्धा करतो. शिवाय २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीतही पिण्याच्या पाण्याची किमान गरज इतर वापरांच्या आधी मानलेली आहे. न्यायालयाने प्राधान्याचा प्रश्न सोडविला, परिमाणाचा नव्हे. उसाचा प्रश्न तेव्हाही बाजूलाच राहिला.

२०१६ च्या पावसाने तातडीची टंचाई संपविली. बिअर कारखान्यांनी पाण्याचा पुनर्वापर व बाटल्या धुण्याच्या सुधारित पद्धती यांवर भर दिला. वादाचे मूळ मात्र धरणाच्या वरच्या बाजूस आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) व नाशिक जिल्ह्यांतील धरणांत अडलेले पाणी जायकवाडीत किती सोडावे, याचे सूत्र महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने ठरवून दिले. कमी पावसाच्या वर्षी ते लागू करण्याची वेळ आली की प्रत्येक वेळी आंदोलने व दावे उभे राहतात. २०२३ मध्ये ८.६ अब्ज घनफूट पाणी सोडण्याच्या निर्णयावर स्थगिती मागण्यात आली, ती सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. त्या दशकात शहरातील अनेक वसाहतींना नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने मिळत होते. जायकवाडीहून शहरासाठी नवी जलवाहिनी टाकण्याच्या योजनेचे काम डिसेंबर २०२० मध्ये आरंभिले गेले.